सतरा दिवसांचा सम्राट आणि त्याचा रुबल

टांकसाळीत घडलेले प्रत्येक नाणे बाजारात जातेच असे नाही. नवे नाणे पाडावयाचे ठरले म्हणजे प्रथम त्याचे चित्र तयार होते, मग पोलादी ठसा कोरला जातो आणि त्या ठशाखाली दोनचार चकत्या दाबून पाहिल्या जातात. अक्षरे स्वच्छ उमटली की नाही, कडा भरीव झाली की नाही, मुखवटा राजाला साजेसा आहे की नाही, हे पाहून वरिष्ठांनी मान डोलावली म्हणजे मगच लाखांच्या संख्येने नाणी पडू लागतात. या पहिल्या दोनचार चकत्या म्हणजे नमुना-नाणी. त्यांतील बहुतेक पुढे वितळविली जातात किंवा टांकसाळीच्या कपाटात धूळ खात पडतात. परंतु इतिहासात अशाही काही घटका येऊन गेल्या आहेत की, ठसा तयार होता, नमुनाही उमटला होता; पण ज्याच्या नावाने नाणे पाडावयाचे तो राजाच सिंहासनावर उरला नाही. अशी नाणी जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. संग्राहक त्यांच्यासाठी लक्षावधी मोजतात, आणि वर्तमानपत्रांतून बातमी येते ती बहुधा त्या किंमतीची. त्या नाण्यांमागे जे राजकारण घडले त्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

नाणे ही राज्यसत्तेची खूण, हा विचार आपल्याकडे नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर देखरेख करणारा ‘लक्षणाध्यक्ष’ हा स्वतंत्र अधिकारी आहे. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेक करवून घेतला, तेव्हा स्वतःच्या नावाचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडणे हा त्या घोषणेचाच भाग होता. पण याच महाराष्ट्रात पुढे उलटाही प्रकार दिसतो. पेशवाईच्या भरात अटकेपर्यंत घोडी दौडविणाऱ्या मराठ्यांच्या टांकसाळीतून पडणाऱ्या अंकुशी आणि चांदवडी रुपयांवर नाव असे ते दिल्लीच्या बादशहाचे! ईस्ट इंडिया कंपनीने तर याहून मोठा विनोद केला. शाह आलम दुसरा 1806 मध्ये मरण पावला. तरी त्याच्या कारकिर्दीचे 19वे वर्ष कोरलेले रुपये कंपनी 1835 पर्यंत पाडीत राहिली. मेलेल्या बादशहाचे नाव आणि जिवंत व्यापाऱ्याची सत्ता, अशी ही सोय होती. बाजाराला त्यात काही खटकले नाही, कारण नाव ओळखीचे होते आणि चांदी पुरेशी होती.

याचा अर्थ असा की, नाण्यावरचे नाव सत्ताधाऱ्याचेच असले पाहिजे असे नाही. पण ते सर्वांस ठाऊक असलेले नाव असावे लागते. नाणे ही मुळातच जाहीर करावयाची वस्तू आहे. राजाज्ञा दप्तरात ठेवता येते, तह गुप्त राखता येतो, मृत्युपत्रावर मोहोर करून ते पेटीत टाकता येते. नाणे मात्र हातोहात फिरल्याशिवाय नाणेच होत नाही. म्हणूनच ज्या राज्याचा वारस कोण हेच गुपित आहे, त्या राज्याच्या टांकसाळीने काय करावे, असा प्रश्न एकदा रशियात उभा राहिला. त्या प्रश्नातून जन्मास आला तो ‘कॉन्स्टंटाइन रुबल’.

मोहोरबंद पाकीट

सन 1825. रशियात त्या काळी चालू असलेली जुनी कालगणना युरोपच्या बारा दिवस मागे होती. पुढील तारखा त्याच गणनेच्या आहेत. 19 नोव्हेंबर रोजी, राजधानीपासून शेकडो कोस दूर अझोव्ह समुद्राच्या काठी टॅगनरॉग या गावी, नेपोलियनचा पराभव करणारा झार अलेक्झांडर पहिला वारला. त्याला मुलगा नव्हता. सम्राट पॉलने 1797 मध्ये केलेल्या वारसाहक्काच्या कायद्यानुसार गादी पुढच्या भावाकडे, म्हणजे कॉन्स्टंटाइनकडे जावयाची होती. हा कॉन्स्टंटाइन वॉर्सा येथे राहून पोलंडच्या सैन्याचे अधिपत्य करीत होता. सर्व रशियाच्या दृष्टीने तोच युवराज होता. चर्चमधल्या प्रार्थनांतही त्याचे नाव त्याच नात्याने घेतले जाई.

प्रत्यक्षात मात्र कॉन्स्टंटाइनने गादीवरचा आपला हक्क केव्हाच सोडून दिला होता. पहिल्या पत्नीशी घटस्फोट घेऊन 1820 मध्ये त्याने जोआना ग्रुद्झिन्स्का या पोलिश सरदारकन्येशी विवाह केला. ती राजघराण्यातील नसल्याने तिच्या संततीला गादी मिळणे शक्य नव्हते. शिवाय आपल्या बापाचा, सम्राट पॉलचा, 1801 मध्ये राजवाड्यातच झालेला खून तो विसरला नव्हता. राजमुकुटाची त्याला हौस कमी आणि धास्ती अधिक होती. 1822 च्या आरंभी त्याने भावाला पत्र लिहून हक्क सोडला. पुढच्या वर्षी, 16 ऑगस्ट 1823 रोजी, अलेक्झांडरने तिसरा भाऊ निकोलस हाच वारस असे जाहीरनाम्यात लिहून ठेवले.

‘जाहीरनामा’ हा शब्द येथे केवळ नावापुरता. तो जाहीर कधी झालाच नाही. मूळ प्रत मॉस्कोच्या प्रधान चर्चमध्ये, आणि नकला राजधानीत राज्यपरिषद, सिनेट व धर्मसभा यांच्या दप्तरात मोहोरबंद पाकिटात ठेवल्या गेल्या. आपण मागू तोवर हे पाकीट जपून ठेवावे आणि आपला मृत्यू झाल्यास अन्य काही करण्यापूर्वी ते उघडावे, अशी सूचना वर लिहिलेली होती. बादशहाने असे का केले याचा खल इतिहासकारांनी पुष्कळ केला आहे. एकतंत्री राज्यातील धन्याला आपल्या मनातले प्रजेला सांगण्याची गरजच वाटत नाही, हे त्याचे साधे उत्तर आहे. प्रजा म्हणजे वारसाहक्काच्या दस्तऐवजातली मिळकत. मिळकतीला मालक कोण हे सांगावयाचे कशासाठी?

मृत्यूची वार्ता वॉर्सास 25 नोव्हेंबरला आणि सेंट पीटर्सबर्गला 27 नोव्हेंबरला पोचली. मग जे घडले ते एखाद्या प्रहसनात शोभावे. वॉर्सात कॉन्स्टंटाइनने निकोलसला सम्राट मानले, आणि पीटर्सबर्गात निकोलसने कॉन्स्टंटाइनशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली व सैन्यालाही घ्यावयास लावली. राज्यपरिषदेने पाकीट उघडले, आतला मजकूर वाचला, आणि तो बाजूला ठेवून तिनेही कॉन्स्टंटाइनचीच शपथ घेतली. राजधानीचा लष्करी गव्हर्नर जनरल मिलोरादोविच याच्या मताला त्या दिवशी फार वजन होते. पलटणींत अप्रिय असलेल्या निकोलसला त्याने कोण्या मोहोरबंद कागदाच्या आधारावर गादीवर बसू दिले नाही. गुप्त कागदाने राज्य चालत नाही, हे त्या लष्करी माणसाला सम्राटापेक्षा अधिक कळत होते असे म्हणावे लागते.

दोन्ही भावांमध्ये पत्रे सुरू झाली. सर्वांत धाकटा भाऊ मिखाइल जासुदासारखा दोन राजधान्यांच्या मध्ये हेलपाटे घालीत होता. कॉन्स्टंटाइन खासगी पत्रांतून पुन्हा पुन्हा नकार कळवी. पण ‘मी गादी सोडली आहे’ असे राष्ट्राला उद्देशून जाहीरपणे सांगण्यास तो तयार नव्हता, आणि राजधानीत यावयासही तयार नव्हता. इकडे सरकारी कागद त्याच्या नावाने निघू लागले. दुकानांच्या तावदानांत त्याच्या तसबिरी झळकल्या. आणि अर्थमंत्री कांक्रिन याला टांकसाळीची आठवण झाली.

अर्थमंत्र्याची घाई

येगोर कांक्रिन हा काही सामान्य माणूस नव्हे. 1823 पासून 1844 पर्यंत त्याने रशियाची तिजोरी सांभाळली. त्या काळी रशियात दोन चलने शेजारी शेजारी नांदत होती, एक चांदीच्या रुबलचे आणि दुसरे कागदी नोटांचे. युद्धकाळात नोटा भरमसाट छापल्या गेल्याने त्यांची किंमत एवढी घसरली होती की, चांदीच्या एका रुबलसाठी साडेतीन ते पावणेचार कागदी रुबल मोजावे लागत. पुढे 1839 मध्ये कांक्रिननेच हा भाव साडेतीनावर पक्का करून चांदीचा रुबल हे मुख्य चलन ठरविले. अशा देशात चांदीच्या नाण्याला विश्वासाचे मोल असते. नव्या सम्राटाचे नाणे लवकर निघावे, असे अर्थमंत्र्याला वाटणे म्हणूनच स्वाभाविक होते.

परंतु त्याने दिलेला हुकूम एवढ्यापुरता नव्हता. पॉलच्या कारकिर्दीपासून रशियाच्या चलनी नाण्यांवर सम्राटाचा मुखवटा नसे. चिन्हे आणि अक्षरे एवढीच असत. कांक्रिनने मात्र कॉन्स्टंटाइनचा मुखवटा असलेला रुबल मागविला. या पुनरुज्जीवनात नाणेशास्त्र किती आणि नव्या धन्याची मर्जी संपादण्याची तजवीज किती, याचा तर्क सरकारी कचेरीत काही वर्षे काढलेल्या कोणासही करता येईल.

डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पीटर्सबर्गच्या टांकसाळीत गुपचूप काम सुरू झाले. ठशाचे काम याकोव्ह रायखेल या कुशल पदककाराकडे होते. तो स्वतःही नाण्यांचा नामांकित संग्राहक होता. नाण्याच्या एका बाजूस उजवीकडे पाहणारा, बसक्या नाकाचा, बापाची आठवण करून देणारा चेहरा आणि सभोवती ‘कॉन्स्टंटाइन पहिला, सर्व रशियाचा सम्राट आणि एकतंत्री अधिपती’ अशा आशयाची अक्षरे. खाली साल 1825. दुसऱ्या बाजूस दुतोंडी गरुड. कडेवर चांदीचा कस आणि वजन कोरलेले. शुद्ध चांदी 18 ग्रॅम, म्हणजे चालू रुबलइतकीच. कायद्याने जे जे लागते ते सर्व त्या नाण्यात होते; नव्हता तो फक्त सम्राट. कडेवर अक्षरे असलेली अशी पाच नाणी तयार झाली. शिवाय काही अपुरे ठसे आणि कथिलावर घेतलेले छाप होते.

आणि तेवढ्यात 14 डिसेंबर उजाडला.

चौकातील थंडी

वॉर्साहून अखेरचा नकार आल्यावर निकोलसने स्वतःला सम्राट घोषित केले आणि पलटणींना दुसऱ्यांदा शपथ घेण्याचा हुकूम दिला. सतरा दिवसांपूर्वी ज्याच्या नावाने सुळाला हात लावून शपथ घेतली, त्याचे काय झाले? आजारी आहे? कैदेत आहे? शिपायाला कोणी काही सांगितले नाही. हाच संशय गुप्त मंडळ्यांतील सुधारणावादी अधिकाऱ्यांच्या पथ्यावर पडला. राज्यघटना हवी, भूदासांची गुलामगिरी जावी, असे मानणारे हे तरुण सरदारपुत्र. नेपोलियनच्या पाठलागात त्यांच्यापैकी कित्येकांनी पॅरिस पाहिले होते. पण शिपायाला घटनेचे तत्त्वज्ञान कोण समजावणार? त्यांनी सोपा मार्ग धरला. खरा सम्राट कॉन्स्टंटाइन बेड्यांत आहे आणि निकोलस गादी बळकावतो आहे, असे त्यांनी पलटणींना सांगितले. ‘कॉन्स्टंटाइन आणि कॉन्स्टिट्यूशन’ असा घोष करणाऱ्या शिपायांना कॉन्स्टिट्यूशन ही कॉन्स्टंटाइनची बायको वाटत होती, अशी आख्यायिका पुढे रूढ झाली. ती खरी असो वा रचलेली; सुशिक्षितांनी ज्यांच्या बळावर क्रांती करावयाची त्यांनाच अंधारात ठेवले, एवढे सत्य तिच्यात आहे. झाराने पाकीट लपविले आणि क्रांतिकारकांनी हेतू लपविला. मधल्या मधे शिपाई मात्र बर्फात उभा राहिला.

सिनेटच्या चौकात, पीटर द ग्रेटच्या पुतळ्याजवळ, सुमारे तीन हजार सैनिक दिवसभर थंडीत उभे होते. ज्याला नेता नेमले होते तो सर्जेई त्रुबेत्स्कॉय चौकात फिरकलाच नाही. शिपायांना समजवावयास गेलेला मिलोरादोविच काखोव्स्कीच्या गोळीने जखमी होऊन मरण पावला. अंधार पडण्याच्या सुमारास निकोलसने तोफा डागल्या. पळणाऱ्या शिपायांनी नेव्हा नदीच्या गोठलेल्या पात्रावर पुन्हा फळी बांधण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तोफगोळ्यांनी ते बर्फ फोडले. पुढच्या वर्षी 13 जुलै रोजी पेस्तेल, रिलेयेव्ह, मुराव्योव्ह-अपोस्तोल, बेस्तुझेव्ह-ऱ्यूमिन आणि काखोव्स्की या पाच जणांना फाशी झाली. शंभरावर लोक सायबेरियात गेले. कित्येकांच्या बायका सरदारी थाट सोडून त्यांच्या मागोमाग गेल्या, ही कथा रशियन साहित्यात अजरामर झाली आहे. ज्या भूदासांच्या मुक्तीसाठी हे सारे, त्यांना ती मिळावयास 1861 साल उजाडावे लागले.

टांकसाळीतल्या त्या पाच रुबलांचे काय? चौकात ज्या नावासाठी माणसे मेली, तेच नाव कोरलेली ती नाणी सरकारच्याच टांकसाळीत, सरकारच्याच हुकुमाने घडली होती. हे बाहेर फुटले असते तर बंडखोरांच्या बोलण्याला त्याहून बळकट पुरावा कोणता? नाणी, ठसे, छाप, चित्रे असे सारे गोळा होऊन अर्थखात्याच्या दप्तरात मोहोरबंद झाले. कांक्रिन पुढे आणखी अठराएक वर्षे मंत्रिपदावर राहिला; त्याच्या घाईचा पुरावाही त्याच्याच खात्यात तितकाच सुरक्षित राहिला. एका मोहोरबंद पाकिटाने सुरू झालेले प्रकरण दुसऱ्या पाकिटाने मिटविण्यात आले.

गुपिताची बाजारपेठ

पण दाबलेल्या वस्तूला एक वेगळीच किंमत येते. कडेवर अक्षरे नसलेले काही रुबल याच ठशांतून बाहेर पडून संग्राहकांच्या हाती गेले होते. त्यांतील एकाची नोंद जनरल शूबर्ट याने 1857 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रशियन नाण्यांच्या ग्रंथात आली. मग परदेशात बनावट कॉन्स्टंटाइन रुबल दिसू लागले, आणि त्यांच्यासोबत कहाण्याही आल्या: ही नाणी पसंतीसाठी वॉर्साला पाठविली होती, 1830 च्या पोलिश उठावात ती लुटली गेली, वगैरे. सरकार जेथे मौन पाळते तेथे बनावट माल आणि बनावट कथा एकाच भावाने खपतात. 1879 मध्ये अलेक्झांडर दुसरा याच्या काळात ती पाच नाणी दप्तरातून बाहेर काढण्यात आली. एक हर्मिटाज संग्रहालयाकडे आणि इतर राजकुटुंबीयांत व आप्तांत अशी त्यांची वाटणी झाली. त्यांतील एक पुढे नाण्यांचा मोठा अभ्यासक असलेल्या ग्रँड ड्यूक गिओर्गी मिखाइलोविच याच्या संग्रहात गेले. 1919 मध्ये बोल्शेविकांनी त्याला गोळी घातली. संग्रह मात्र परदेशी पोचला. आज त्याचा रुबल अमेरिकेतील स्मिथ्सोनियन संस्थेत आहे. ज्या कॉन्स्टंटाइनला सम्राट व्हावयाचेच नव्हते तो 1831 मध्ये कॉलऱ्याने वारला. पोलिश बंडखोरांनी त्याला वॉर्सातून हुसकून लावल्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते.

रशियानंतर शंभर वर्षांनी इंग्लंडात असाच प्रसंग आला. तेथे रक्त सांडले नाही, शाईच सांडली. 20 जानेवारी 1936 रोजी पाचवा जॉर्ज वारला आणि आठवा एडवर्ड गादीवर आला. इंग्लंडच्या नाण्यांवर एका राजाचा मुखवटा डावीकडे पाहणारा, तर पुढच्याचा उजवीकडे, असा जुना रिवाज आहे. त्याप्रमाणे एडवर्डने उजवीकडे पाहावयास हवे होते. पण आपली डावी बाजू, भांग दिसणारी, अधिक चांगली दिसते असा त्याचा आग्रह होता. टांकसाळीने अखेर मान तुकविली. 1937 च्या आरंभी नाणी पाडावयाची ठरली. नमुने तयार झाले. नव्याने निघणारे पितळी, बारा बाजूंचे तीन पेन्सचे नाणे तर नाण्यांवर चालणाऱ्या यंत्रांत बसते की नाही हे पाहण्यासाठी यंत्रवाल्यांना दिलेही गेले होते. त्यांतली काही परत आलीच नाहीत. आणि 11 डिसेंबर 1936 रोजी, घटस्फोटित वॉलिस सिम्प्सन यांच्याशी विवाह करता यावा म्हणून, एडवर्डने राज्यत्याग केला.

एडवर्डच्या मुखवट्याची टपालाची तिकिटे सप्टेंबरातच निघाली होती, कारण कागद छापावयास वेळ लागत नाही. नाणे सावकाश तयार होते. म्हणून ते वाचले. उरलेले नमुने टांकसाळप्रमुखाच्या तिजोरीत एका पेटीत बंद झाले, ती पेटी 1970 मध्ये उघडली. विंडसरचा ड्यूक झालेल्या एडवर्डने स्वतःसाठी एक संच मागितला होता. नव्या राजाने, म्हणजे सख्ख्या भावाने, तो दिला नाही. याच नमुन्यांतील एक सॉव्हरिन 2020 मध्ये 10 लाख पौंडांना विकला गेला. सहावा जॉर्ज नाण्यांवर डावीकडे पाहतो. एडवर्डचे नाणे उजवीकडे पाहणारे निघालेच होते, असे गृहीत धरून रिवाज पुढे चालू ठेवला गेला. घडलेल्या गोष्टी घडल्याच नाहीत असे दाखविण्यात इंग्रजी मुत्सद्दी किती तरबेज, याचे हे खिशात मावणारे उदाहरण.

ब्रिटिश हिंदुस्थानातही 1936 चे नाणे पाचव्या जॉर्जचेच राहिले. राजे बदलले म्हणून टांकसाळीने धावत सुटू नये, हा शहाणपणा मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींना अंगवळणी पडला होता. कंपनीचे राज्य 1858 मध्ये संपले, तरी तिचे नाव रुपयावरून गेले ते 1862 मध्ये. 1947 साल कोरलेल्या रुपयावर एका बाजूस वाघ आहे आणि दुसऱ्या बाजूस सहावा जॉर्ज. अशोकस्तंभावरचे सिंह नाण्यांवर आले 15 ऑगस्ट 1950 रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर बरोबर तीन वर्षांनी, प्रजासत्ताक झाल्यावर. त्या तीन वर्षांत परक्या राजाचा मुखवटा चालवून घेताना कोणाचा देशाभिमान आड आला नाही, कारण सत्ता कोणाकडे गेली हे मध्यरात्रीच्या सभेत साऱ्या जगासमोर सांगून झाले होते.

आठव्या एडवर्डचे चलनी नाणे मात्र आपल्याकडे अगदीच झाले नाही असे नव्हे. आफ्रिकेतील वसाहती, फिजी आणि न्यू गिनी येथे मधोमध भोक असलेली छोटी नाणी 1936 मध्ये त्याच्या नावाने निघाली. भोकामुळे मुखवट्याचा प्रश्नच नव्हता. तशीच जोधपूर संस्थानची तांब्याची आणि कच्छ संस्थानची चांदीची नाणी. भूजच्या टांकसाळीत महाराव खेंगारजींच्या नावाशेजारी फारसी लिपीत इंग्लंडच्या बादशहाचे नाव घालण्याचा प्रघात होता. त्यानुसार एडवर्डच्या नावाची कोरी, अडीच कोरी आणि पाच कोरी 1936 मध्ये रीतसर पाडली गेली. लंडनच्या तिजोरीत जे नाणे चौतीस वर्षे पेटीबंद राहिले, त्याचा हा कच्छी भाऊबंद बाजारात जाऊन बसला. चांदी नेहमीची, वजन नेहमीचे, आणि महारावही तेच. भूजच्या वाण्याने ते घासून पाहिले आणि गल्ल्यात टाकले.